प्राथमिक वर्गात काडी-सांधा संच कसा वापरावा: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

काड्या आणि त्या जोडणारे सांधे असे पुन्हा पुन्हा वापरता येईल असे बांधणीचे साहित्य शाळेत आले की बहुतेक ठिकाणी त्याचे एकच होते. शिक्षक स्वतः किंवा चौथीतील दोन हुशार मुले एक सुबक मनोरा तयार करतात, तो गोंदाने पक्का केला जातो, विज्ञान प्रदर्शनात मांडला जातो आणि नंतर कार्यालयातल्या कपाटावर जाऊन बसतो. वर्गातील बाकीच्या मुलांचा त्या साहित्याला हातही लागलेला नसतो. दुसऱ्या टोकाला काही वर्गांत साहित्य वाटून ‘करा काहीतरी’ एवढेच सांगितले जाते. पहिल्या दिवशी मुले रमतात, पण महिनाभरात निम्मे सांधे हरवतात आणि संच बाद होतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. बांधलेले मोडणे, मोजणे आणि परत ठेवणे हे काम पाठाचा भाग म्हणून आखलेलेच नसते.

पुढील क्रम तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी आहे. त्यात बांबूच्या काड्या आणि मऊ नळीचे सांधे एवढेच साहित्य लागते. पहिली-दुसरीसाठी काय बदल करायचा, ते टप्पा ३ मध्ये सांगितले आहे.

टप्पा १: साहित्य निवडणे

काडी सरळ, सारख्या जाडीची आणि सहज न मोडणारी हवी. खाद्यपदार्थ ओवण्यासाठी मिळणाऱ्या, साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या आणि २५ सेंटिमीटर लांबीच्या बांबूच्या काड्या यासाठी सर्वांत सोयीच्या असतात. उदबत्तीची काडी फार बारीक असते, तर खराट्याची काडी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती असल्यामुळे सांध्यात एकीकडे बसते आणि दुसरीकडून निसटते.

सांध्यासाठी मऊ, लवचिक नळी घ्यावी. मासे पाळण्याच्या काचपेटीला हवा पुरवणारी नळी चालते आणि सायकलच्या दुकानात वॉल्व्ह ट्यूब मिळत असेल तर बारीक काड्यांसाठी तीही चालते. नळीचे माप कागदावर लिहून नेण्यापेक्षा खिशात काडी घेऊन दुकानात जावे आणि तिथेच बसवून पाहावे. काडी थोडा जोर लावून आत गेली पाहिजे आणि नळी उलटी धरून झटकली तरी पडता कामा नये. ठिबक संचातील बारीक नळी आपल्याकडे गावोगावी मिळते, पण ती तुलनेने कडक असते आणि वाकवल्यावर तिला घडी पडते. म्हणून दुसरे काही न मिळाल्यासच ती घ्यावी, तीही नवी.

सावधान: शेतातून काढलेल्या जुन्या ठिबक नळ्या मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण त्यांतून विद्राव्य खते आणि आम्ल सोडलेले असते. चाके करण्यासाठी कीटकनाशकाच्या बाटल्यांची झाकणे कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. धुतली तरी नाही. कपाशीच्या पऱ्हाट्याही (वाळलेली झाडे) वर्गात आणू नयेत, कारण कपाशीवर वारंवार फवारण्या झालेल्या असतात आणि पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी टिकून राहते.

ज्वारीच्या धांड्यातील (ताटातील) भेंडाचा, म्हणजे आतल्या मऊ गराचा, उल्लेख इथे करणे भाग आहे, कारण आपल्या मराठवाड्यातील मुले धांड्याच्या गाड्या आणि बैल आधीपासून करत आलेली आहेत. ते कौशल्य मोलाचे आहे आणि एखाद्या शनिवारी त्याला वर्गात जागा जरूर द्यावी. मात्र भेंडाला एकदा काडी टोचली की भोक सैल होते आणि दुसऱ्या वेळी पकड राहत नाही. शिवाय सालीची कड बोट कापते. त्यामुळे पुन्हा वापरायच्या संचात भेंड घेऊ नये.

टप्पा २: काड्या कापणे आणि सांधे तयार करणे

हा टप्पा घाईने उरकला की पुढचे सगळे पाठ फसतात. म्हणून शिक्षकांनी तो मुलांना न देता स्वतः किंवा पालकांच्या मदतीने पूर्ण करावा.

चार मुलांच्या एका गटासाठी पुढील साहित्य लागते: १० सेंटिमीटरच्या आखूड काड्या ३०, १४.५ सेंटिमीटरच्या लांब काड्या १२, चार हातांचे (म्हणजे चार काड्या बसतील असे) सांधे १० आणि सहा हातांचे सांधे ६. २५ सेंटिमीटरच्या एका काडीतून एक आखूड आणि एक लांब काडी निघते व अणकुचीदार टोकाकडचा अर्धा सेंटिमीटर कापला जातो. अशा १२ काड्यांतून १२ आखूड आणि १२ लांब मिळतात. उरलेल्या १८ आखूड काड्यांसाठी आणखी ९ काड्या लागतात. म्हणजे एका गटाला २१ काड्या पुरतात आणि चोवीस मुलांच्या सहा गटांना १२६.

लांब काडीचे माप नीट समजून घ्यावे, कारण सर्वाधिक चूक इथेच होते. चौरसाचा कर्ण बाजूच्या साधारण १.४१ पट असतो हे माहीत असल्यामुळे अनेक जण १० सेंटिमीटरच्या बाजूसाठी १४.१ सेंटिमीटरची काडी कापतात आणि ती बसवली की चौरस ओढला जाऊन वाकडा होतो. खरे अंतर सांध्याच्या मध्यापासून सांध्याच्या मध्यापर्यंत मोजले पाहिजे. ३ सेंटिमीटरच्या नळीत काडी १ सेंटिमीटर आत गेली, तर काडीचे टोक आणि सांध्याचा मध्य यांत अर्धा सेंटिमीटर उरतो. दोन्ही टोकांचा मिळून एक सेंटिमीटर धरला की चौरसाची खरी बाजू ११ सेंटिमीटर होते, तिचा कर्ण सुमारे १५.५ सेंटिमीटर येतो आणि त्यातून पुन्हा सांध्यांचा एक सेंटिमीटर वजा केला की काडी १४.५ सेंटिमीटरची ठरते. नळीचे तुकडे वेगळ्या लांबीचे कापले तर हा हिशेब नव्याने करावा लागेल.

काड्या सुरीने किंवा हाताने मोडू नयेत. बांबू उभा चिरतो आणि त्याची कुसळे बोटात जातात. घरातला अडकित्ता किंवा डाळिंबाच्या बागेत वापरतात ती छाटणीची कात्री घेतली की काप स्वच्छ येतो. प्रत्येक टोक पॉलिश पेपरवर फिरवून बोथट करावे. लांब काड्यांच्या मध्यभागी रंगाचा एक पट्टा ओढावा, म्हणजे मुलांना त्या पाहताक्षणी वेगळ्या काढता येतात आणि वर्गातही ‘पट्ट्याची काडी’ असे सोपे नाव पडते.

आता सांधे करावेत. नळीचे ३ सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. प्रत्येक तुकड्याच्या बरोबर मध्यावर दाभणाने आरपार भोक पाडावे. दोन तुकडे एकावर एक ठेवून भोकांतून जाड दोरा ओवावा आणि घट्ट गाठ मारावी. हा झाला चार हातांचा सांधा. तीन तुकडे असेच बांधले की सहा हातांचा सांधा होतो. तारेने बांधण्याचा मोह टाळावा, कारण तारेची टोके बाहेर येतात. एका गटासाठी सव्वा मीटर नळी पुरते.

तपासणी: मुलांना काहीही देण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतः एक घन बांधावा. १२ आखूड काड्या आणि ८ सांधे लागतील. काड्या निसटत असतील तर नळी सैल आहे. काडी बसवताना नळी फाटत असेल तर टोके नीट घासलेली नाहीत. हा दोष वर्गात कळला तर ती तासिका वाया गेलीच म्हणून समजा.

टप्पा ३: गट, जागा आणि वेळ

गट चार जणांचा असावा. पाचवे मूल आले की ते प्रेक्षक होते. प्रत्येक गटात बांधणारे दोन, साहित्य देणारे एक आणि नोंद करणारे एक अशी कामे वाटून द्यावीत आणि ती प्रत्येक पाठात बदलावीत. ही अदलाबदल शिक्षकांनी फळ्यावर लिहूनच करावी. मुलांवर सोडली तर मुलगे बांधत राहतात आणि ‘अक्षर चांगलं आहे’ म्हणून वही मुलींकडे जाते. हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये असे मला मनापासून वाटते.

दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसत असेल तर गट मिश्र करावेत. या कामात इयत्तेच्या फरकाने अडत नाही. बाकांपेक्षा सतरंजीवर बसणे सोयीचे, कारण पडलेला सांधा तिथे दिसतो. प्रत्येक गटापुढे एक ताट ठेवावे आणि सुटे साहित्य ताटातच राहील असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा.

दोन तासिका जोडून घ्याव्यात. शाळांतील ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमाचा सकाळचा वेळ यासाठी योग्य आहे. प्रत्येक पाठ त्याच दिवशी पूर्ण झाला पाहिजे, ‘उरलेले पुढच्या शनिवारी’ असे नको. बीड, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतील अनेक गावांत दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि वर्गातील हजेरी बदलते. चार आठवडे चालणारा प्रकल्प आखला तर जाणाऱ्या मुलांचा तो अर्धवट राहतो आणि परतणाऱ्यांना त्यात जागाच उरत नाही. दर वेळी शून्यातून सुरू होणारा आणि मोडून संपणारा पाठ असेल तर कोणतेही मूल कोणत्याही शनिवारी सामील होऊ शकते.

पहिली-दुसरीच्या मुलांना हा संच देऊ नये. नळीचा तुकडा तोंडात घालण्याचा आणि काडी डोळ्याला लागण्याचा धोका या वयात जास्त असतो. त्यांच्यासाठी वर्तमानपत्राची दोन पाने कोपऱ्यापासून तिरकी गुंडाळून घट्ट सुरळ्या कराव्यात, त्या ६० सेंटिमीटरवर कापाव्यात, टोकांजवळ पंचने भोके पाडून सुतळीने बांधाव्यात. पावसाळ्यात या सुरळ्या दमट होऊन मऊ पडतात, तेव्हा त्या उन्हात वाळवून घ्याव्यात.

सावधान: काडी हातात घेऊन उठायचे नाही आणि समोरच्याच्या चेहऱ्याच्या दिशेने धरायची नाही. हा नियम प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला मुलांकडून म्हणवून घ्यावा.

टप्पा ४: पहिला पाठ मोकळा सोडणे

पहिल्या पाठात कोणताही प्रश्न देऊ नये. काडी सांध्यात किती आत घालायची, ओढल्यावर केव्हा निघते, नळी किती वाकते, हे बोटांना कळू द्यावे. मुले गाडी करतील, घर करतील, कोणी नुसती लांबच लांब साखळी करेल. शिक्षकांनी फिरत राहून फक्त एक गोष्ट पाहावी: काडी एक सेंटिमीटरपर्यंत आत जाते आहे का. हा मोकळा वेळ वगळणारे शिक्षक पुढच्या पाठात तक्रार करतात की मुले प्रश्नाकडे लक्ष देत नाहीत, नुसती खेळतात. खेळून घेण्याची गरज पूर्ण न झाल्यामुळेच ते घडते.

शेवटची पंधरा मिनिटे मात्र मोजण्यासाठी राखून ठेवावीत. त्याची पद्धत टप्पा ९ मध्ये आहे आणि ती पहिल्या दिवसापासूनच लागू करावी.

टप्पा ५: त्रिकोण, चौकोन आणि अंदाज

हा या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे सावकाश जावे.

प्रत्येक गटाने तीन आखूड काड्यांचा त्रिकोण आणि चार आखूड काड्यांचा चौरस करावा. दोन्ही आकृत्या सतरंजीवर सपाट ठेवाव्यात. हात लावण्याआधी विचारावे: ‘एका कोपऱ्याला बोटाने ढकलले तर काय होईल?’ प्रत्येकाने उत्तर वहीत लिहावे. अंदाज लिहिण्यापूर्वी कोणीही ढकलायचे नाही. हा क्रम उलटला तर मुले पाहिलेलेच लिहितात आणि विचार करण्याची पायरी गळून जाते.

मग ढकलावे. चौरस एका बाजूला कलंडतो. इथे ‘पाहिलंत, त्रिकोण मजबूत असतो’ असे सांगून मोकळे होऊ नये. चौथीतील मुलांना हे वाक्य पाठ असते आणि ते म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी कलंडलेला चौरस तसाच धरायला सांगून तीन प्रश्न विचारावेत: काड्यांची लांबी बदलली का? काड्यांची संख्या बदलली का? मग बदलले काय? थोड्या वेळाने कोणीतरी कोपऱ्याकडे बोट दाखवते. काड्या त्याच राहून कोन बदलू शकतात, ही गोष्ट मुलांना अशी हातातून कळते. त्रिकोणात तिन्ही बाजू ठरल्या की कोनही ठरून जातात, त्यामुळे काडी मोडल्याशिवाय किंवा सांध्यातून निघाल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही.

यानंतर पट्ट्याची काडी द्यावी आणि ती कुठे लावली तर चौरस कलंडणार नाही ते शोधायला सांगावे. पुढे पाच आणि सहा काड्यांच्या आकृत्या घ्याव्यात. पंचकोनाला दोन आणि षटकोनाला तीन आडव्या काड्या लागतात. आपल्या संचातील लांब काडीने पंचकोनाचे सर्व कोन सारखे राहणार नाहीत, पण आकृती हलायची थांबेल आणि इथे तेवढेच पाहायचे आहे. एकाच कोपऱ्यातून सर्व आडव्या काड्या लावल्यास षटकोनाच्या त्या कोपऱ्यात पाच हात लागतात, म्हणून तिथे सहा हातांचा सांधा घ्यावा. फळ्यावर दोन रकाने करावेत: बाजू ३, ४, ५, ६ आणि त्यांच्यासमोर लागणाऱ्या आडव्या काड्या ०, १, २, ३. सात बाजूंना किती लागतील, हे मुलांनी बांधण्याआधी सांगावे आणि मग बांधून तपासावे.

तपासणी: वर्गात फिरताना ‘छान’, ‘शाबास’ म्हणत पुढे जाण्याऐवजी प्रत्येक गटाला ‘हे कुठे हलते ते बोट ठेवून दाखव’ असे सांगावे. ‘सर, इथं डुलायलंय’ म्हणून मुलीने नेमका सांधा दाखवला, तर पाठ पोहोचला असे समजावे.

आता सपाट आकृतीकडून घनाकडे जावे. १२ काड्यांचा घन उभा राहतो, पण हाताने पिळला की डोलतो. त्याच्या सहाही पृष्ठांवर एकेक लांब काडी लावली की एकूण १८ काड्या होतात आणि डोलणे थांबते. लांब काड्या अशा लावाव्यात की त्या एक सोडून एक अशा चारच कोपऱ्यांत मिळतील. त्या चार कोपऱ्यांना सहा हातांचे सांधे आणि उरलेल्या चारांना चार हातांचे सांधे लागतात. घन बांधायला घेतानाच सांधे योग्य जागी ठेवले नाहीत तर नंतर तो अर्धा उसवावा लागतो, म्हणून ही मांडणी फळ्यावर आधी काढून दाखवावी. तयार घन दाखवू नये. मुले नक्कल करण्यात गुंततात.

टप्पा ६: पाण्याच्या टाकीखालचा मनोरा

प्रश्न मुलांच्या रोजच्या पाहण्यातला असावा. टँकर येणाऱ्या गावात पाण्याची टाकी कशावर ठेवलेली असते, हे प्रत्येक मुलाला माहीत असते. प्रश्न असा द्यावा: दोन काड्यांइतका उंच मनोरा बांधा, त्यावर पुठ्ठ्याचा चौकोन ठेवा आणि त्यावर अर्ध्या लिटरची रिकामी बाटली उभी करा. बाटलीत आपण पेल्याने पाणी ओतत जाऊ.

क्रम असा ठेवावा. पहिली दहा मिनिटे साहित्याला हात न लावता प्रत्येक गटाने कागदावर चित्र काढावे आणि किती आखूड व किती लांब काड्या लागतील ते लिहावे. साहित्य देणाऱ्या मुलाने तेवढ्याच काड्या मोजून आणाव्यात. जास्त लागल्या तर पुन्हा मागता येतील, पण वहीत तशी नोंद करावी लागेल. चित्र वगळून थेट बांधायला घेतले की गट आधी उंची गाठतो आणि पाया तसाच कच्चा राहतो.

दोन मजल्यांच्या साध्या मनोऱ्याला २० आखूड काड्या आणि १२ सांधे लागतात. बाजूच्या आठ पृष्ठांना एकेक लांब काडी लावायची असेल तर मधल्या मजल्याच्या चार सांध्यांना सहा-सहा हात लागतात. खालचे आणि वरचे सांधे चार हातांचे चालतात, मात्र प्रत्येक मजल्यावर लांब काड्या एकाच दिशेने फिरत चढल्या पाहिजेत. ही माहिती शिक्षकांपुरती आहे. मुलांना ती आधी सांगू नये, पण एखादा गट पूर्ण अडला तर मधल्या सांध्याला किती हात हवेत ते मोजायला सांगावे.

चाचणी सर्व गटांची एकाच मापाने व्हावी. १०० मिलिलिटर पाण्याचे वजन १०० ग्रॅम असते, त्यामुळे औषधाच्या मापाच्या झाकणाने किंवा खुणा केलेल्या पेल्याने ओतत गेले की वजनकाट्याची गरज राहत नाही. दर १०० मिलिलिटरनंतर दहापर्यंत मोजावे आणि मगच पुढचे पाणी ओतावे. मनोरा बाटलीसह परातीत राहील अशी मांडणी करावी आणि चाचणीचे पाणी शाळेच्या परसबागेला घालावे.

मनोरा कोसळला की वर्ग हसतो. त्या क्षणी शिक्षकांनी काय करावे, हे आधीच ठरलेले असावे: कोसळलेल्या मनोऱ्याला दोन मिनिटे कोणीही हात लावायचा नाही. गटाने आधी पाहायचे की कोणता सांधा उसवला, कोणती काडी निसटली, मनोरा कोणत्या बाजूला पडला. कोसळण्याचे कारण त्या ढिगाऱ्यातच दिसत असते आणि घाईने गोळा केले की ते हरवते. त्यानंतर गटाला एकच बदल करून पुन्हा चाचणीची संधी द्यावी. एका वेळी दोन-तीन बदल केले तर कोणत्या बदलाने फरक पडला ते कळत नाही.

सावधान: ‘कोणाचा मनोरा जिंकला’ अशी स्पर्धा लावू नये. पहिल्या चाचणीपेक्षा दुसऱ्या चाचणीत आपल्याच मनोऱ्याने किती जास्त वजन पेलले, एवढीच तुलना फळ्यावर मांडावी.

टप्पा ७: हादऱ्याची चाचणी

मनोऱ्याचा पाठ नीट झाल्यानंतरच ही चाचणी घ्यावी. मोठ्या परातीत सारख्या आकाराच्या गोट्या पसराव्यात, त्यांवर जाड पुठ्ठा ठेवावा आणि पुठ्ठ्याला दोन बाजूंनी दोऱ्या बांधाव्यात. मनोऱ्याचे खालचे चार सांधे पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधावेत, नाहीतर मनोरा नुसता घसरतो. परातीच्या काठावर ५ सेंटिमीटर अंतराच्या दोन खुणा कराव्यात आणि टाळ्यांच्या ठेक्यावर पुठ्ठा या खुणांदरम्यान हलवावा. आधी लांब काड्यांशिवाय, मग लांब काड्या लावून, मग वर वजन ठेवून आणि शेवटी तेच वजन खालच्या मजल्यावर ठेवून पाहावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते कोसळून हजारो माणसे गेली. २०२४ मध्ये हिंगोली, नांदेड, परभणी भागातही धक्के जाणवले. म्हणून हा विषय आपल्या मुलांना परका नाही. पण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत अनेक घरांतून त्या रात्री माणसे गेलेली आहेत. मनोऱ्यात कागदाची माणसे ठेवून ती पाडणे, ओरडणे, असले प्रकार वर्गात होऊ देऊ नयेत. पाठाचा शेवट मोडलेल्या मनोऱ्यावर न करता, दुरुस्त होऊन हादरे सोसणाऱ्या मनोऱ्यावर करावा.

टप्पा ८: वहीतील नोंद

नोंद छोटी असावी: बांधण्याआधीचे चित्र, काड्या-सांध्यांचा अंदाज, प्रत्यक्ष लागलेली संख्या, कुठे मोडले आणि काय बदलले. शेवटची ओळ मुलांनी स्वतःच्या बोलीत लिहिली तरी चालेल. तिथे शुद्धलेखनाच्या लाल खुणा करू नयेत. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील फरक मात्र वजाबाकी करून लिहून घ्यावा. मोबाइलवर फोटो काढून ठेवल्यास पालकसभेत दाखवता येतो आणि ‘मोडू नका, पाहुण्यांना दाखवायचे आहे’ असे म्हणण्याची वेळ येत नाही.

टप्पा ९: मोडणे, मोजणे आणि परत ठेवणे

यासाठी पंधरा मिनिटे घड्याळ लावून राखावीत. काडी नळीतून काढताना सरळ ओढू नये. एका हाताने नळी चिमटीत धरून काडी हलकेच फिरवत काढावी. सरळ ओढल्याने दोऱ्याजवळचे भोक फाटते आणि चांगला सांधा अकारण बाद होतो.

मोडल्यावर काड्या दहा-दहाच्या जुड्यांत बांधाव्यात. ३० आखूड म्हणजे तीन जुड्या. १२ लांब म्हणजे एक जुडी आणि दोन सुट्या. दशक-एककाचा हा सराव तिसरीच्या मुलांना दर शनिवारी आपोआप मिळतो. प्रत्येक गटाच्या कापडी पिशवीत आकड्यांची चिठ्ठी शिवलेली असावी. आकडा जुळला की गटाने पिशवी जमा करावी. जुळला नाही तर आधी सतरंजीखाली शोधावे, मग शिक्षकांना सांगावे. सांधा हरवल्याबद्दल शिक्षा करू नये, नाहीतर मुले खोटा आकडा सांगायला शिकतात. शिक्षकांनी दहा टक्के जादा सांधे आणि काड्या आपल्याकडे ठेवाव्यात आणि तिथूनच भरपाई करावी.

पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेच्या उन्हात नळी कडक होते, म्हणून सुटीपूर्वी सर्व पिशव्या पक्क्या छताच्या खोलीत, एका झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पाठाआधी प्रत्येक सांधा बोटांत वाकवून पाहावा. दोऱ्याजवळ तडा दिसला तर तो बाद करून तीन सेंटिमीटरचाच नवा तुकडा कापावा आणि चिठ्ठीवरचा आकडा न बदलता पिशवी पुन्हा भरून ठेवावी.